जोडीनं वाचायची पुस्तकं

काजवा
नमस्कार मंडळी. ‘सध्या काय वाचताय’ या नावाचे इथं डझनभर धागे आहेत आणि त्यातले निम्मे मीच वर काढलेत. हा त्यातला नाही. हा जरा चिकट प्रश्न आहे.

झालं असं, की गेल्या पावसाळ्यात वाचनालयात ‘गावगाडा’ हाती लागलं. त्रिंबक नारायण आत्रे, १९१५. माणूस महसूल खात्यात मुरलेला, त्यामुळे गाव म्हटलं की त्याला आधी दिसतात जमीन, सारा, वतन, हक्क. मी घेतलं ते शब्दांच्या लोभानं. औताच्या भागांची नावं, भिक्षेकऱ्यांचे प्रकार, बाजारातल्या लबाड्या, काय काय आहे त्यात! मग बलुतेदारांचं प्रकरण आलं. कुणब्याचं ज्याच्यावाचून जितकं अडतं तितका त्याचा वाटा, म्हणून तीन ओळी. थोरली कास, मधली कास, धाकटी कास. थोरल्या कासेत सुतार, लोहार, महार, मांग. मधलीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. आणि भट? भट धाकट्या कासेत, मुलाणा, गुरव आणि कोळ्याच्या पंगतीला.

मी ते पान दोनदा वाचलं. वाटलं, बरं का, खळ्यावर तरी हिशोब कामाचाच होता म्हणायचा.

दहा दिवसांनी पुस्तक परत करायला गेले. टेबलावर परत आलेल्या पुस्तकांची चळत होती आणि सगळ्यात वर ‘बलुतं’. दया पवार, १९७८. कॉलेजात असताना वाचलं होतं, म्हणजे परीक्षेपुरतं वाचलं होतं. आता ‘गावगाडा’ डोक्यात ताजं असताना उघडलं आणि आत्र्यांची ती थोरली कास आतून कशी दिसते ते कळलं. सारा तालुक्याला पोचवायचा, साहेब आला की त्याच्या घोड्याबरोबर पळायचं, दवंडी द्यायची, मयताचा सांगावा गावोगाव न्यायचा, मेलेलं जनावर ओढायचं, लाकडं फोडायची. आणि या सगळ्याच्या बदल्यात बलुतं. आत्रे जो वाटा पायलीत मोजतात, तो दगडू पवारच्या, म्हणजे दया पवारांच्याच, घरात भाकरीच्या तुकड्यांत येतो. ‘थोरली’ हा शब्द त्यानंतर मला साध्या अर्थानं वाचताच येत नाही.

दोन्हींपैकी एकच वाचलं असतं तर? नुसतं ‘गावगाडा’ वाचून मी गाडा छान चालत होता असं म्हणत बसले असते. नुसतं ‘बलुतं’ वाचून हळहळले असते, पण ही व्यवस्था इतकी बारीक लिहून-बांधून ठेवलेली होती हे समजलं नसतं.

तर प्रश्न असा: तुमच्याकडे अशा जोड्या आहेत का? एक गोष्टीचं, कवितेचं किंवा आठवणींचं. दुसरं माहितीचं, अभ्यासाचं. एकमेकांशी बोलणारी, भांडणारी तर फारच उत्तम. नुसती नावं नकोत. का जोडी, ते सांगा.

(अवांतर: आमच्या वाचनालयात एका कार्डावर एका वेळी एकच पुस्तक. जोडी वाचायची म्हणजे दोन खेपा, आणि मधे ते दुसरं कुणीतरी नेलेलं असतं.)

पेणकर
पहिला मान आमचा. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे, ‘माझा प्रवास’.

घरावर कर्ज. उत्तरेत बायजाबाई शिंद्यांचा मोठा यज्ञ आहे, दक्षिणा चांगली मिळेल अशी बातमी येते. म्हणून हा भिक्षुक काकाला बरोबर घेऊन निघतो आणि साल नेमकं १८५७. बंड बघायला कुणी गेलेलं नाही, पोटापाण्याला गेलेत. म्हणून तर ते बंड आपल्याला असं दिसतं. झाशीला वेढा पडतो तेव्हा हे शहरात अडकलेले. गोरे शिपाई घरात शिरतात, जवळचं होतं नव्हतं ते जातं. दक्षिणेचा आकडा सांगताना भटजींचा हात आखडत नाही आणि झाशीच्या वाड्यातला ग्रंथसंग्रह उद्ध्वस्त झाला ते सांगताना जीव कळवळतो.

आणि तो विहिरीचा प्रसंग. झाशी सोडून काळपीच्या वाटेवर असलेली राणी, अंगावर पठाणी वेश, सगळी धुळीनं माखलेली, तहानलेली. गोडसे मडकं घेऊन पाणी शेंदायला पुढं होतात तर ती त्यांना थांबवते: विद्वान ब्राह्मणानं आपल्यासाठी पाणी काढू नये. स्वतः शेंदते आणि मडक्यातलं पाणी ओंजळीनं पिते. ज्या बाईचं राज्य गेलंय तिला त्या क्षणी आठवतो तो हा रिवाज. मला हा प्रसंग कुठल्याही पुतळ्यापेक्षा मोठा वाटतो, आणि थोडा त्रासही देतो.

आता जोडी. हे लिहिलं गेलं १८८३च्या सुमारास, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. पुस्तक निघालं १९०७ला, तेही वैद्यांनी भाषा नीटनेटकी करून, नको वाटलेलं गाळून. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळात होतं, ते दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली जसंच्या तसं छापलं. म्हणजे पहिली जोडी ‘माझा प्रवास’ आणि ‘माझा प्रवास’! वैद्यांची प्रत म्हणजे इस्त्रीचं धोतर, पोतदारांची म्हणजे प्रवासातलं. घेताना प्रस्तावना बघून घ्या, बाजारात दोन्ही फिरतात.

दुसरी जोडी नंदा खऱ्यांची ‘अंताजीची बखर’, १९९७. ती कादंबरी. पेशवाईतला एक बेरकी गडी आपली हकीकत सांगतो, सगळी मोठी माणसं त्याच्या तिरक्या नजरेतून. गोडसे वाचून मग अंताजी वाचा. खरा माणूस कुठं नकळत कादंबरीकार होतो आणि कादंबरीकार खऱ्या माणसाची नक्कल कशी हुबेहूब करतो ते शेजारी शेजारी दिसतं.

काजवाताई, कार्डाचं काय एवढं? घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावानं काढा की आणखी एक.

शंकासूर
धागा चांगला आहे, म्हणून भांडतो.

या जोड्या लावण्यात एक गोम आहे. कादंबरीला पुराव्याच्या खुर्चीत बसवता तुम्ही. ‘गावगाडा’ म्हणजे मूळ खटला, ‘बलुतं’ म्हणजे साक्षीदार क्रमांक एक. दया पवारांनी काय आत्र्यांना खोडून काढायला पुस्तक लिहिलं? त्या पुस्तकाची गंमत वेगळी आहे. दगडू मारुती पवार आणि दया पवार ही एकाच माणसाची दोन नावं, आणि एक दुसऱ्याला आपली गोष्ट सांगतोय. शिकलेला, कविता करणारा, पांढरपेशा झालेला दया पवार, आणि त्याला न सोडणारा दगडू. सगळा पीळ तिथं आहे. मुंबईतला कावाखाना, तिथली माणसं, बाई, बाटली, नाती... हे ‘गावगाड्या’च्या कुठल्या प्रकरणाला जोडणार? माहितीच्या पुस्तकाशेजारी ठेवलं की आपण ललित पुस्तकातली फक्त माहितीच वेचतो. कोंबडीतली हाडं तेवढी मोजायची असं झालं हे.

वाचनाचा गृहपाठ करू नका एवढंच.

काजवा
शंकासूर, कावाखान्याचं म्हणणं मान्य. पण मी हाडं मोजली नाहीत हो. उलट ‘गावगाडा’ वाचून झाल्यावर मला ‘बलुतं’मधली भाषा जास्त ऐकू आली. आत्र्यांच्या पुस्तकात महार हा एक हक्कदार आहे, पण तो बोलत नाही. पावणेचारशे पानांचं म्हणा, चारशेचं म्हणा, सबंध गाव त्यात आहे आणि गावाबाहेरचं कुणी त्यात तोंड उघडत नाही. हे मला ‘बलुतं’ वाचल्यावर ध्यानात आलं. आधीच्या वाचनात ती शांतता मला जाणवलीच नव्हती.

आणि गृहपाठ करायला मला आवडतो. नववीपासून.

सदावाचनमात्र
वाचनखूण साठवली आहे. पेणकर, इस्त्रीचं धोतर भारी.

ओटीवरची
मी निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षं मराठी शिकवलं आणि दरवर्षी पाठ्यपुस्तकात ‘स्मृतिचित्रे’चा काही ना काही उतारा असायचाच. त्या उताऱ्यांनी लक्ष्मीबाई टिळकांचं फार नुकसान केलंय. मुलांना वाटतं, विसराळू नवरा आणि भोळी बायको, झालं. सबंध पुस्तक (१९३४पासून भागाभागानं आलं, शेवटचा भाग पुरा व्हायच्या आत बाई गेल्या) वाचाल तर कळेल की ती विनोदाची पुस्ती नाही. १८९५ साली नवरा ख्रिस्ती होतो. ही धर्मानं, नात्यांनी, सगळ्या बाजूंनी उघडी पडते. पाच वर्षांनी मुलाला घेऊन त्याच्याकडे नगरला जाते ती आपलं सोवळं शाबूत ठेवून. चूल वेगळी, पाणी वेगळं. मग ते सोवळं एकेक पदर सुटत जातं. त्यात व्याख्यान कुठं नाही. स्वतःवर हसत हसत बाई आपलं सबंध मन आपल्यासमोर उलटं करून झटकतात, पिशवी झटकावी तसं.

याला जोडी माझ्या मते ताराबाई शिंद्यांची ‘स्त्री पुरुष तुलना’. बुलढाण्याच्या. आयुष्यात एवढं एकच पुस्तक, १८८२ साली पुण्यात छापलेलं. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर मूल मारल्याचा खटला झाला, वर्तमानपत्रांतून बायकांच्या चालीवर चिखलफेक सुरू झाली आणि ताराबाईंचं डोकं फिरलं. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, बाकी बहुतेकांनी शिव्या घातल्या, आणि मग पुस्तक गडपच झालं. स. गं. मालश्यांनी १९७५ साली ते पुन्हा छापलं. मधली ब्याण्णव-त्र्याण्णव वर्षं ते जणू नव्हतंच.

पुस्तक लहान आहे, एका दुपारचं. पण उभ्यानं वाचू नका, घाम फुटतो. पुरुषांना विचारलेले प्रश्न सरळ अंगावर येतात, आणि भाषा नळावरची. प्रमाण मराठीत भांडताच येत नाही असं माझं फार जुनं मत आहे, ते या पुस्तकानं पक्कं केलं.

आता जोडी का. ताराबाईंचं पुस्तक निघालं तेव्हा लक्ष्मीबाई चौदा वर्षांच्या, लग्न झालेल्या, अक्षरओळख यथातथा. त्यांनी ते कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. एक बाई संतापून बोलते, दुसरी हसून बोलते, आणि दोघी एकाच घराबद्दल बोलतायत. वर्गात एकदा दोन्हींतली दोन दोन पानं मुलींना एकापाठोपाठ वाचून दाखवली होती. अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवता म्हणून कार्यालयात बोलावणं आलं. मुलींनी मात्र पुढे आठवडाभर मधल्या सुट्टीत दुसरं काही बोललं नाही.

शंकासूर, तुमचा मुद्दा खोटा नाही. पण माझ्या जोडीत माहितीचं पुस्तक कुठलं आणि ललित कुठलं, सांगा पाहू.

वऱ्हाडी ठेचा
आता मले सांगा, सारे जोड्या लावून राह्यले, माह्याजवळ एकच हाये. ‘धग’, उद्धव शेळके, १९६०. कौतिकची गोठ. शिंप्याचं घर, नवरा महादेव, घरात दाणा नाही आन् बाई हटत नाही. वऱ्हाडी बोली म्हंजे नाटकातल्या गड्याची बोली असं समजणाऱ्याईनं हे वाचा. इथं बोली हसवत नाही, रडवते.

जोडी पायजेच असन तं ज्यानं वाचलं त्याच्या मायले विचारा, तिच्याजवळ दुसरा भाग असते.

काजवा
ठेचासाहेब, ही जोडी सगळ्यांत वर. _/\_

मडगांवकार
‘मुंबईचे वर्णन’ अजून कुणी घेतलं नाही म्हणून मी घेतो. गोविंद नारायण माडगांवकर, १८६३. नावातच आमचं मडगाव आहे, घराणं गोव्याचं. मिशनच्या शाळेतला मास्तर, आणि मुंबईवर मराठीत असं सबंध पुस्तक त्याच्याआधी नाही. अमेरिकेतल्या यादवीमुळं कापसाचा भाव चढलेला, शहर पैशानं फुगलेलं, आगगाडी सुरू होऊन दहाच वर्षं झालेली. मास्तर सगळीकडं फिरतो: देवळं, तळी, बाजार, छापखाने, नाटकं, कुठली जात कुठं राहते, काय खाते, काय नेसते. गावाकडून आलेल्या पाहुण्याला शहर दाखवावं तसं लिहिलंय. कौतुक जास्त, पण नाक मुरडायचं तिथं मुरडतोच.

जोडीला नारायण सुर्व्यांच्या कविता. ‘माझे विद्यापीठ’, १९६६. मास्तर शहर दाखवतो ते रस्त्यावरून. सुर्वे रस्त्यावरच वाढलेले. शंभर वर्षांत शहर तेच, फक्त बघणारा गाडीतून उतरलाय.

जास्त लिहीत नाही, फोनवर टाइप करतोय.

धूमकेतू
विज्ञानवाल्यांना कुणी विचारतच नाही. असो. जयंत नारळीकर: ‘यक्षांची देणगी’ (१९७९) हा कथासंग्रह आणि ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र. चार नगरं म्हणजे वाराणसी, केंब्रिज, मुंबई, पुणे.

पहिली गोष्ट कशी छापून आली हीच एक गोष्ट आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती टोपणनावानं. नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती बायकोकडून लिहवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाला स्वतःच्या नावाची भीती वाटावी, हे मला फार आवडतं.

जोडी म्हणून वाचताना एक सांगतो: आधी कथा वाचा. आत्मचरित्र आधी वाचलंत तर कथेतले प्रयोगशाळेतले साहेब, परिषदा, विमानं हे सगळं ‘अच्छा, हे ते’ असं होतं आणि शंकासूर म्हणतात तो घोळ होतो. शैली म्हणाल तर दोन्हीकडे सारखीच सपाट. मी फॅन आहे तरी सांगतो. पण एखादी कल्पना पायरी पायरीनं इतकी स्वच्छ मांडणारा माणूस असेल तर वाक्याला झालर नसली तरी चालते मला.

बेएरियातली
भारतातून परत येताना बॅगेत तेवीस किलोच बसतात, त्यात आईचे लाडू. पुस्तकांच्या वाट्याला दोन किलो येतात, त्यामुळे जोडी निवडणं हा माझ्यासाठी खराखुरा प्रश्न आहे. यंदा आलेली जोडी: इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ (१९६७) आणि दुर्गा भागवतांचं ‘व्यासपर्व’ (१९६२). दोन्ही महाभारतातल्या माणसांवर, दोन्ही बारीक, दोघी अभ्यासक.

इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ. भांडारकर संस्थेनं १९१९पासून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती (हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता) काढली, ती त्यांच्या हाताशी होती. त्या कुंतीला, गांधारीला, द्रौपदीला नात्यागोत्याच्या, वारशाच्या, कुळाच्या चौकटीत बसवतात आणि विचारतात, या घरात नक्की काय चाललं होतं? भीष्माची तर अशी झाडाझडती घेतात की लहानपणापासूनचा आदर गळून पडतो. एवढ्या प्रतिज्ञेचा उपयोग कुणाला झाला आणि भोगलं कुणी?

दुर्गाबाई त्याच माणसांजवळ बसतात, पण प्रश्न विचारत नाहीत. बघत राहतात. वाक्यं लांब, लयीतली. काही ठिकाणी मला थांबून परत मागं जावं लागलं. पहिल्यांदा वाटलं, ही फारच अलंकारिक. मग द्रौपदीवरचे दोन्ही लेख एका रात्रीत वाचले आणि मत फिरलं. म्हणजे असं, की इरावतीबाईंमुळे मला द्रौपदी समजली आणि दुर्गाबाईंमुळे ती समजण्यापुरती नाही हे समजलं.

माझ्या मुलीला (वय १४, मराठी बोलते, वाचते अडखळत) ‘युगान्त’मधलं गांधारीचं प्रकरण वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘आई, पण ही रागावलीये म्हणून पट्टी बांधली ना?’ इतकी वर्षं मला पट्टी म्हणजे पातिव्रत्यच वाटायचं.

माळकरी
राम कृष्ण हरी. मी वारकरी आहे, पंचवीसेक वर्षं चालतोय. पण पुस्तकंही वाचतो, त्यामुळे दिंडीत मला ‘प्रोफेसर’ म्हणतात. मी प्रोफेसर नाही, माझं भांड्यांचं दुकान आहे.

माझी जोडी दि. बा. मोकाश्यांचं ‘पालखी’ (१९६४) आणि रा. चिं. ढेऱ्यांचं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४).

मोकाशी रेडिओदुरुस्तीचा धंदा करणारे कथालेखक. वारीला गेले ते बघायला. माळ नाही, नेम नाही. त्यामुळे त्यांना जे दिसतं ते आम्हाला चालताना दिसतच नाही: कोण कुणाशेजारी झोपतं, चहा कोण सांगतं, पाय कुठं सोलतात, कीर्तन चालू असताना कोण डुलक्या घेतं. वाचताना पहिल्या पन्नास पानांत मला राग आला होता. हा बाहेरचा माणूस आमच्यात कशाला? पुढे पुढे त्यांचेच पाय बोलायला लागतात आणि मग बाहेरचा-आतला हे जरा ढिलं होतं.

ढेऱ्यांचं पुस्तक मात्र पचायला वर्ष गेलं. विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा देव, मुळं दक्षिणेकडे, कानडी मुलखात, विठ्ठल-बीरप्पांच्या जोडीत. मग त्याचा विष्णू-कृष्ण कसा झाला, पुंडलिक कुठून आला. पुरावा म्हणून लोकगीतं, स्थानकथा, शिलालेख. आमच्या फडावरच्या एका महाराजांना मी हे सांगायला गेलो तर ते म्हणाले, असली पुस्तकं वाचून चालणं बिघडतं.

माझं बिघडलं नाही. उलट दर वर्षी वाटेत मेंढरांचा कळप लागतो, काठी टेकून उभा असलेला धनगर दिसतो. आधी मी ‘माऊली’ म्हणून पुढं जायचो. आता थांबतो.

(तिसरं हवं असल्यास इरावतीबाईंच्या ‘परिपूर्ती’मधला ‘वाटचाल’ हा लेख. तेरा-चौदा पानं असतील. एकाच वारीत जातवार दिंड्या कशा वेगळ्या चालतात ते त्या लिहितात आणि तरीही वारीवर प्रेम करतात. हे दोन्ही एकत्र करता येतं हे मी तिथं शिकलो.)

शंकासूर
दोन दिवस गप्प बसलो होतो. माळकरींच्या मेंढरांनी माझी पंचाईत केली आहे.

ठीक आहे, मी पण एक जोडी टाकतो. मात्र माझ्या अटीवर: दोन्ही एकाच माणसाची. विश्राम बेडेकर. ‘रणांगण’, १९३९, आणि ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हे आत्मचरित्र, १९८४. मधे पंचेचाळीस वर्षं.

‘रणांगण’ जेमतेम सव्वाशे पानांचं. युरोपातून पूर्वेकडे निघालेलं जहाज, त्यावर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू माणसं, जायला देश नाही. चक्रधर आणि हेर्टा. महायुद्ध अजून व्हायचंय, आणि जहाजावर ते सुरू झालेलंच आहे. मराठीत त्या वेळी काय लिहिलं जात होतं ते आठवा आणि मग हे वाचा, कुठून आलं हे असं वाटेल. बेडेकर स्वतः परदेशातून जहाजानं परतले होते, त्यामुळे आत्मचरित्र हाती आल्यावर माझ्यातला चोंबडा जागा झाला: हेर्टा खरी होती का? तोच गुन्हा, ज्याबद्दल मी वर इतरांना झापलं.

पण पुस्तकाच्या नावानंच मला गप्प केलं. उपनिषदातले दोन पक्षी, एकाच झाडावर. एक फळ खातो, दुसरा नुसता बघतो. आता ‘रणांगण’ परत वाचलं तर चक्रधर हे दोन्ही पक्षी आहे. प्रेम करतोय आणि करताना स्वतःला बघतोय, आणि बघण्यामुळेच त्याच्या हातून जे व्हायचं ते होत नाही. हे आत्मचरित्रातल्या कुठल्या माहितीनं नाही, नुसत्या शीर्षकानं दाखवलं. तेव्हा काजवाताई, शब्द मागे घेतो, पण अर्धेच. अर्धे ठेवतो, पुढच्या धाग्याला लागतील.

जाता जाता, बेडेकरांच्या घरातच अजून एक जोडी आहे. पत्नी मालतीबाई म्हणजेच विभावरी शिरूरकर, ‘कळ्यांचे निःश्वास’, १९३३. टोपणनावाआड कोण आहे हे न कळल्यामुळे तेव्हा काय गदारोळ झाला होता! ओटीवरच्या बाईंनी यावर लिहावं.

ओटीवरची
लिहीन. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, पंधरा दिवस पडद्याकडे बघायला बंदी आहे. नात वाचून दाखवते हे प्रतिसाद, आत्ताचं टायपिंगही तिचंच.

सदावाचनमात्र
आठ वर्षं इथं आहे, हा माझा पाचवा प्रतिसाद. धागा वाचून ‘पालखी’ आणलं. साठाव्या पानावर आहे आणि माळकरी म्हणतात तसा रागबिग काही आला नाही. मी बाहेरचाच आहे म्हणून असेल.

काजवा
धागा वर काढतेय, एक हकीकत सांगायची राहिली.

पेणकरांचं ऐकून सासूबाईंच्या नावानं कार्ड काढलं. पाचशे अनामत, महिना चाळीस. हेतू सरळ होता, त्यांच्या कार्डावर मी दुसरं पुस्तक आणायचं. ‘बलुतं’ पुन्हा माझ्या कार्डावर, ‘गावगाडा’ त्यांच्या. दोन्ही शेजारी ठेवून काही पानं ताडून बघायची होती, शंकासुरांना उत्तर द्यायला.

सासूबाई चौथी शिकलेल्या. वर्तमानपत्र रोज, ज्ञानेश्वरीचे दोन अध्याय, बाकी पुस्तक हातात घेताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांचे वडील खटाव भागातल्या एका गावचे सुतार. मी ‘गावगाडा’ टेबलावर ठेवून कामाला गेले, संध्याकाळी आले तर बाई चष्मा लावून पुस्तकात. बलुत्याच्या प्रकरणावर पेन्सिलीच्या खुणा. वाचनालयाचं पुस्तक! मी म्हटलं, आई, अहो हे आपलं नाही. त्या म्हणाल्या, ‘याला नीट ठाऊक नाही. आमच्यात असं नव्हतं.’

मग सांगायला लागल्या. सुगीला वडील खळ्यावर जायचे ते मागं उभे राहायचे, पुढं व्हायचे नाहीत. कुणब्यानं हाक मारली की मग उपरण्याची ओटी पुढं करायची. पडेल ते घ्यायचं, तिथं मोजायचं नाही. मोजलं की पुढच्या वर्षी हात आखडतो. घरी आल्यावर आई मोजायची, पायलीनं, दार लावून. आणि ज्याच्या खळ्यावरून कमी आलं, त्याच्या औताचं काम वडील करायचेच, फक्त शेवटी करायचे.

मी विचारलं, आणि महार? ते कुठं उभे असायचे? बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘आमच्या मागं.’ आणि जरा थांबून, ‘आम्ही मागं वळून बघितलं नाही कधी.’

त्यानंतर ‘बलुतं’ माझ्या उशाचं उचलून त्यांनी नेलं. आता दोन्ही पुस्तकं त्यांच्या खोलीत आहेत. मला त्यातलं एकही मिळत नाही. ‘बलुतं’ संपवल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंय. परत करायची तारीख होऊन तेवीस दिवस झाले. दंड एका पुस्तकाला दिवसाला पन्नास पैसे, म्हणजे दोन्हींचे आजवर तेवीस रुपये. पेन्सिलीच्या खुणांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. वाचनालयातल्या बाईंना काय सांगू, कुणी सुचवेल का?

शंकासूर
खोडू नका. नवीन प्रत विकत घेऊन वाचनालयाला द्या आणि ही घरी ठेवा.

पेणकर
+१. आणि सासूबाईंना इथं आयडी काढून द्या.